आइन्स्टाइन आणि मधमाश्या

'वाक्य चांगलं आहे ना, मग कुणाच्या का नावावर असेना' हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. 'मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल' हेच घ्या. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत जिन्याशेजारी ते आइन्स्टाइनच्या फोटोखाली छापून लावलंय. आइन्स्टाइन गेले १९५५ साली. त्यांच्या लेखनात हे वाक्य सापडत नाही. ते गाजलं १९९४ मध्ये, ब्रसेल्समध्ये झालेल्या मधपाळांच्या आंदोलनातल्या पत्रकामुळे.

बरं, ते विज्ञानाला धरून तरी आहे का? गहू, भात, ज्वारी यांना दाणा भरायला मधमाशी लागत नाही. फटका बसेल तो सूर्यफूल, काकडी, भोपळा, सफरचंद यांना, आणि तो काही लहान नाही. पण मोठं नाव दिसलं की कुणी एवढं तपासतच नाही, माझा राग त्यावर आहे.

मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था आपल्याच गणेशखिंड रस्त्यावर आहे. फलक लावायचाच असेल तर तिथल्या जाणकारांना विचारून, आपल्याकडच्या पिकांची माहिती लावा, असं मी सोसायटीच्या कमिटीला लिहून दिलंय.