टोकियोत नवीन: शेगडीची आच आपोआप बारीक होते, कचरा उचलला जात नाही, मिक्सर फिरत नाही

नवी_टोकियोकर
नमस्कार मंडळी. नवरा आणि मी एदोगावा वॉर्डात भाड्याच्या फ्लॅटमध्ये नुकतेच राहायला आलो आहोत. परिसर शांत आहे, सगळं वेळेवर चालतं, पण घरातल्या काही गोष्टींचं कोडं सुटत नाही.

तवा तापला की गॅसची आच आपोआप बारीक होते आणि फुलका आचेवर धरला तर बर्नर विझतोच. शेगडी बिघडली आहे का? पुण्याहून आणलेला 750 वॅटचा मिक्सर कसाबसा फिरतो. कचऱ्याची एक पिशवी स्टिकर लावून तिथेच ठेवून गेले. रस्त्यावर कचराकुंडी कुठेच दिसत नाही. आणि आम्ही शाकाहारी, तर मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप) चालेल का? कागदपत्रांचंही कोणी सांगितलं तर बरं होईल.

फोडणी_ते_फुलका
ताई, शेगडी ठणठणीत आहे. ऑक्टोबर 2008 पासून इथल्या घरगुती शेगड्यांच्या प्रत्येक बर्नरला तापमान ओळखणारा सेन्सर सक्तीचा झाला. तळणीचं तेल पेटून लागणाऱ्या आगी थांबवणं हा त्याचा हेतू. बर्नरच्या मधोमध स्प्रिंगवरचं जे बटण भांड्याच्या बुडाला टेकतं, तोच सेन्सर. बूड साधारण 250 अंशांवर गेलं की आच बारीक होते आणि तरीही तापत राहिलं तर गॅस बंद होतो. आपला कोरडा तवा तिथवर सहज पोचतो.

शेगडीच्या पुढच्या पट्टीवर «आबुरी» (भाजणं) किंवा «कोओन» (जास्त तापमान) असं जपानीत लिहिलेलं बटण शोधा. ते 3 सेकंद दाबून धरलं की दिवा लागतो आणि मर्यादा वर सरकते. बहुतेक शेगड्यांवर ही सोय एकाच बर्नरला असते आणि बर्नर बंद केला की ती रद्द होते, म्हणजे दर वेळी बटण पुन्हा दाबायचं. या मोडमध्ये तळण मात्र अजिबात करू नका. वर भांडं नसेल तर आच कमी करणारी मॉडेल्सही आहेत, तिथे फुलका तव्यावरच कापडाने दाबून फुगवावा. सेन्सरवर ओघळलेलं वरण वाळून बसलं की तो चुकीचं तापमान दाखवतो, म्हणून रोज ओल्या फडक्याने पुसा.

भरताच्या वांग्यासाठी शेगडीखालचा मासे भाजायचा ग्रिल उत्तम. वांग्याला आधी काट्याने चार-पाच टोचे मारा, नाहीतर ते फुटतं. काही ग्रिलच्या ट्रेमध्ये पाणी घालावं लागतं, काहींमध्ये घालायचं नसतं, ते आधी माहितीपुस्तिकेत बघून घ्या.

गॅसचंच आणखी एक. भूकंपाची तीव्रता जपानी शिंदो मापनात 5 किंवा जास्त असली की मीटर गॅस आपोआप तोडतो. अशा वेळी सगळी उपकरणं बंद करा, मीटरवरच्या बटणाची टोपी काढून बटण पूर्ण दाबा आणि सोडा. लाल दिवा लुकलुकेल. 3 मिनिटं गॅस वापरू नका. दिवा थांबला की गॅस चालू. वास येत असेल तर यातलं काहीच करू नका. खिडक्या उघडा, पंख्याच्या किंवा दिव्याच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन गॅस कंपनीला फोन करा.

व्होल्टमापक
इथे 100 व्होल्ट. 230 व्होल्टच्या मोटरला त्यात जोर मिळत नाही आणि ओलं खोबरं वाटताना ती अडकून तापते. स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर मिक्सरच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा लागतो, कारण सुरू होताना मोटर कितीतरी जास्त करंट ओढते. म्हणजे तुमच्यासाठी 1500 वॅटचा. पण इथल्या भिंतीवरच्या साध्या सॉकेटची मर्यादाच 15 अँपिअर, म्हणजे 1500 वॅट. शिवाय असा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो. माझं स्पष्ट मत आहे की तो मिक्सर परत पाठवा आणि अमेरिकेसाठी बनवलेला 110 व्होल्टचा भारतीय मिक्सर मागवा. तो थोडा मंद फिरतो, पण चटणी-वाटण नीट होतं.

चार्जरवर 100–240 लिहिलं असेल तर फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर पुरतो. भारतातली इस्त्री इथे उपयोगाची नाही. विजेच्या करारातले अँपिअरही तपासा. ते 30 असतील तर एसी, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावल्यावर ब्रेकर पडणारच.

निळी_जाळी
पिशवी राहिली म्हणजे वार चुकला, वर्गीकरण चुकलं किंवा पिशवी आतलं न दिसणारी होती. स्टिकरवर कारण छापलेलं असतं. पिशवी घरी न्या, नीट करा आणि योग्य वारी ठेवा. टोकियोच्या 23 वॉर्डांत जळणारा कचरा साधारणपणे आठवड्यातून दोनदा नेतात. सकाळी 8 च्या आत ठेवायचा, आदल्या रात्री नाही, कारण कावळे पिशव्या फोडतात. ठेवल्यावर तिथली जाळी पिशव्यांवर नीट ओढून घ्या. वॉर्डाचा तक्ता फ्रिजवर लावा, इंग्रजीतही मिळतो.

पेट (PET) प्लास्टिकच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढा, ती विसळा आणि चेपा. उरलेलं तेल सिंकमध्ये कधीच ओतू नका. कागदात टिपून किंवा सुपरमार्केटमध्ये मिळणाऱ्या पावडरने घट्ट करून जळणाऱ्या कचऱ्यात टाका. पॉवरबँक, लिथियम बॅटरी आणि स्प्रेचे डबे यांची विल्हेवाट वेगळी असते. ते इतर कचऱ्यात गेले तर गाडीत आग लागते, इथे हयगय नको.

कोणतीही बाजू 30 सेंटिमीटरहून मोठी असलेली वस्तू सहसा «सोदाई गोमी», म्हणजे मोठा कचरा ठरते. आधी नोंदणी, मग कोनबिनीतून (दिवसरात्र उघड्या छोट्या दुकानातून) पैसे भरून स्टिकर, मग ठरलेल्या दिवशी सकाळी वस्तू बाहेर. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी यातही घेत नाहीत, त्यांचा पुनर्वापराचा कायदा आणि शुल्क वेगळं.

रस्त्यावरच्या आणि स्थानकांवरच्या कुंड्या 1995 च्या सारिन हल्ल्यानंतर मोठ्या प्रमाणावर हटवल्या गेल्या. पर्समध्ये एक रिकामी पिशवी ठेवा, कचरा घरी आणायचा. व्हेंडिंग मशीनशेजारचा डबा फक्त बाटल्या आणि कॅनसाठी आहे.

शाकाहारी_कान्तो
मिसो सूप बहुतेक ठिकाणी चालणार नाही. त्यातली दाशी, म्हणजे रश्शाचं मूळ पाणी, सहसा कात्सुओ या वाळवलेल्या माशाची असते. उदोन-सोबा या नूडल्सच्या रश्शातही तीच. घरी कोंबूची, म्हणजे समुद्री शेवाळाची दाशी करून मिसो घाला, पण दाशी आधीच मिसळलेला मिसो घेऊ नका. हॉटेलात «निकु नाशी» (मांस नको) म्हटलं तर फक्त मांसाचे तुकडे वगळतात, रस्सा तोच राहतो. त्यापेक्षा «कात्सुओ हाइत्ते इमास का?» (यात कात्सुओ आहे का?) असं थेट विचारा. पाकिटावरच्या ॲलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, झिंगा वगैरेंची नोंद सक्तीची आहे, पण डुकराचं मांस, कोंबडी, जिलेटिन यांची ऐच्छिक.

कागदवाला
राहती जागा ठरल्यापासून 14 दिवसांत दोघांनी रहिवासी कार्ड आणि पासपोर्ट घेऊन वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवा. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळाला की आधी फोन नंबर आणि मग बँक, कारण खातं उघडताना बँक फोन नंबर मागते.

खरी अडचण नावाची. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावासोबत असतं आणि कार्डावर ते सगळं येतं. नावाची काताकाना (परदेशी नावांसाठीची जपानी लिपी) अक्षरं एकदाच ठरवा आणि बँक, कंपनी, विमा सगळीकडे तीच द्या. एक अक्षर वेगळं असलं तरी पगार खात्यात न जाता परत जाऊ शकतो.

तुमचे यजमान भारतीय कंपनीकडून 5 वर्षांच्या आतल्या नेमणुकीवर आले असतील तर भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार (ऑक्टोबर 2016 पासून लागू) बघा. भविष्य निर्वाह निधी संघटनेचं प्रमाणपत्र असलं की इथल्या पेन्शनची वर्गणी द्यावी लागत नाही. आरोग्य विमा त्या करारात येत नाही, तो वेगळा बघावा लागेल.

नवी_टोकियोकर
सगळ्यांचे मनापासून आभार. आबुरीचं बटण सापडलं, उजव्या बर्नरला आहे. मिसोच्या पाकिटावर दाशी मिसळलेली आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

शाकाहारी_कान्तो
पाकिटावर मोठ्या अक्षरांत «दाशी इरी» असं लिहिलेलं असेल तर घेऊ नका. साध्या मिसोच्या घटकांत सोयाबीन, तांदूळ किंवा जव आणि मीठ एवढंच असतं, कधी थोडं अल्कोहोल. फोनचा कॅमेरा भाषांतरावर लावून यादी शेवटपर्यंत वाचा, माशाचा अर्क बऱ्याचदा शेवटी असतो.