होमस्कूलिंगमधला इतिहास: आधी गड की आधी कागद?

कातळकडा

पुण्यात होमस्कूलिंग करणाऱ्या बऱ्याच घरांत इतिहास असा चालतो: आठवडाभर पुस्तक, आणि सुट्टीला 'बघून येऊ' म्हणून सिंहगड नाहीतर शनिवारवाडा. माझं मत उलट आहे. जागा आधी, पुस्तक नंतर. आणि दर महिन्याला नवा गड करण्यापेक्षा एकाच जागी वर्षातून तीनदा जावं.

प्रत्येक फेरीला एकच प्रश्न, आणि तोही तिथल्या तिथे तपासता येईल असा. शनिवारवाड्याचं उदाहरण घ्या. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती. मग तट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा उभे, आणि आतले महाल मात्र गेले, असं का? मुलांना एवढंच विचारायचं आणि तासभर फिरू द्यायचं. तटाला खाली दगड, वर वीट. आत उरली आहेत ती दगडी जोती. जोत्यावरचं सगळं काम सागवानी लाकडाचं होतं, हे त्यांनी स्वतः ताडलं की मग पुस्तक उघडा. दुसरी फेरी पाण्याची: पंप नसताना कारंजी उडत कशी होती? उत्तर वाड्यात नाही, कात्रजला आहे. तलाव उंचावर आणि वाडा खाली, म्हणून नळातून आलेलं पाणी स्वतःच्या दाबाने वर उसळायचं. समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणा आणि दोन्ही ठिकाणांची उंची मुलांना काढायला लावा.

आधी धडा वाचून गेलेलं मूल शोधत नाही. धड्यातलं दिसलं की 'हो, हेच ते' म्हणतं आणि पुढे जातं.

बखरवाचक

ठाम असहमत. बांधकाम कसं केलं ते दगड सांगतो. निर्णय कोणी घेतला आणि का, हे सांगत नाही.

शनिवारवाड्यातच पाहा. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणरावांचा खून झाला. त्यातलं आज तिथे काय दिसतं? काहीही नाही. मग ती रिकामी जागा 'काका मला वाचवा'च्या गोष्टी भरून काढतात, आणि मुलाच्या डोक्यात आधी भूत बसतं, न्यायाधीश रामशास्त्र्यांनी केलेली चौकशी नंतर. एकदा बसलेली दंतकथा पुस्तकाने निघत नाही.

दुसरं, पुरंदर. जून १६६५ च्या तहात महाराजांनी २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख दिला, १२ किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख राखला. गड कितीही वेळा चढा, हे तिथे कळणार नाही. घरी महाराष्ट्राचा नकाशा पसरा, दिलेल्या किल्ल्यांवर लाल आणि राखलेल्यांवर हिरवी टाचणी लावा. आपण कोणत्या वाटा सोडल्या आणि कोणत्या धरून ठेवल्या, हे मूल अर्ध्या तासात ओळखतं. मग खुशाल पुरंदरला जा. गड लष्कराच्या ताब्यात आहे, मोठ्यांची ओळखपत्रं सोबत ठेवा.

पुण्यात राहून हे सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं. पेशवे दप्तर, म्हणजे पेशवाईतल्या कागदपत्रांचा संग्रह, याच शहरात आहे. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेत आहे. बाराव्या-तेराव्या वर्षी त्या कागदांच्या मोडी लिपीची तोंडओळख सहज होते. ते सोडून दर शनिवारी गाडी काढण्यात कसला इतिहास आहे?

अंगणवाटा

दोघांनीही गडावरची एक गोष्ट सोडली, पाणी. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी याहून चांगला प्रश्न मला माहीत नाही: कातळात खोदलेल्या या पाण्याच्या टाक्यावर किती माणसं किती दिवस निघतील?

रीत सांगते. निघण्याआधी घराजवळ दहा मीटर आखा आणि मुलाला पावलं मोजत चालायला लावा. एका पावलाची लांबी निघते. गडावर टाक्याची लांबी-रुंदी पावलांनी मोजायची, नंतर टेपने पडताळायची. खोलीसाठी दर अर्ध्या मीटरला गाठ मारलेली दोरी आणि टोकाला वजन. दोरी मोठ्या माणसानेच सोडायची, मुलं काठापासून दोन मीटर मागे, नोंद त्यांच्याकडे. टाक्याचा काठ शेवाळाने निसरडा असतो, इथे सवलत नाही.

समजा टाकं ६ × ४ × २ मीटर निघालं. ४८ घनमीटर, म्हणजे ४८,००० लिटर. माणशी रोज पाच लिटर आणि शिबंदी, म्हणजे गडावरचे शिपाई, चाळीस माणसांची धरली तर रोजचे २०० लिटर आणि पुरवठा २४० दिवसांचा. ऑक्टोबर ते मे साधारण तेवढेच दिवस भरतात. आता मुलांना विचारा की यात काय धरलं नाही. बाष्पीभवन, जनावरं, धुणंभांडी, कातळातल्या भेगांतून होणारी गळती. आणि मोजमाप हमखास चुकतं ते गाळामुळे. वजन गाळावर टेकतं, कातळावर नाही, त्यामुळे खोली कमी येते.

वेढ्यात गड का पडतो, हे मुलाला इथे कळतं.

बखरवाचक

@अंगणवाटा, रीत उत्तम आहे. पण हे गणित झालं. चाळीस माणसं हा आकडा तुम्ही धरलात. त्या गडावर खरोखर किती शिबंदी होती, ती कोणत्या जातीगावची, तिला पगार काय मिळायचा, हे कागदावरूनच कळणार. तो आकडा आधी हातात असता तर तुमचं गणित इतिहास झालं असतं.

लालडबा

वाद चालू द्या, पण मुलं गडावर पोचतात कुठल्या अवस्थेत तेही बघा. आतकरवाडीहून सिंहगडाचा चढ सहाशे मीटरच्या आसपास आहे. नऊ वर्षांचं मूल वर पोचतं तेव्हा त्याला ताक आणि भजी हवी असतात, कल्याण दरवाजा नाही. इतिहासासाठी जात असाल तर स्वारगेटहून बसने पायथा, पुढे जीप. ट्रेक वेगळ्या दिवशी.

शनिवार-रविवार टाळा. होमस्कूलिंगचा खरा फायदा मंगळवार-बुधवार मोकळा असणं हाच, आणि तो बरीच घरं वापरत नाहीत. जून ते सप्टेंबर गड नकोत. निसरडं, धुकं, आणि भाजे-लोहगडच्या वाटांवर प्रशासनाची बंदीही येते. त्या दिवसांत पाताळेश्वर, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस करा. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे.

मुलामागे दीड-दोन लिटर पाणी घ्या. आग्या मोहोळ दिसलं की अत्तर, धूर, दगड, आरडाओरडा सगळं बंद; तोंड झाकून आल्या वाटेने मागे फिरायचं. तीन लहान मुलांमागे एक मोठा माणूस हवाच. आणि हे सगळं दोन्ही पालक नोकरीवर असलेल्या घराला झेपत नाही, हे मान्य करून मगच 'जागा आधी' म्हणा.

पेठकर

या अख्ख्या चर्चेत गड, गड आणि गडच. मुलाला वाटेल की महाराष्ट्राचा इतिहास १६३० साली सुरू झाला. शिवाय हीच मुलं पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (NIOS) माध्यमिक परीक्षेला बसतात, किमान वय १४. तिथे सामाजिक विज्ञानात भारताबरोबर जगाचा इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र सगळं आहे. फ्रेंच राज्यक्रांती मुलांना कुठल्या बुरुजावर दाखवणार? माझं मत बखरवाचकांना. सहल ही चटणी, भाकरी पुस्तकाचीच.

कातळकडा

@पेठकर, गडांवरचा आक्षेप रास्त आहे, म्हणून कार्ल्याच्या बौद्ध लेण्यांना चला. लोकलने मळवली, तिथून रिक्षा, मग पायऱ्या. तिथल्या चैत्यगृहात (प्रार्थनेच्या दालनात) दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, भाषा प्राकृत. त्यात वैजयंती नगरीचा श्रेष्ठी (मोठा व्यापारी) भूतपाल आहे, धेनुकाकट गावचा सुतार आहे, सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणारेही आहेत. राजांच्या पलीकडचा समाज तिथे स्वतःच्या नावाने उभा आहे. @बखरवाचक, इथे दगड हाच कागद आहे. इतका व्यापारी पैसा या डोंगरात का आला, हे पायऱ्यांवरून खाली पाहिलं की सुचतं: कोकणातून घाट चढून येणारी वाट याच खोऱ्यातून जाते.

बखरवाचक

बरोबर, आणि तो कागद मुलाला वाचता येत नाही. आठवडाभर आधी ब्राह्मीची दहा-बारा अक्षरं गिरवून नेलंत तर ते खांबावर स्वतः शोधेल. पष्टच सांगायचं तर कार्ल्याचं तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. न शिकवता नेलं तर त्याला ओरखडे दिसतील, लेख नाही.

अंगणवाटा

अक्षरं आधी, अर्थ नंतर. दहा अक्षरं द्या, लेखाचं भाषांतर देऊ नका. मग दोघांचंही काही अंशी जमतं.

अक्षरं दिसण्यासाठी खडू, पाणी, पावडर काहीही लावायचं नाही, कागद ठेवून पेन्सिल घासायची नाही. ठसे घेणं परवानगीचं काम आहे, आणि संरक्षित वास्तूला इजा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. टॉर्च भिंतीलगत आडवा धरा. तिरप्या उजेडात खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे, म्हणून दुपारी तीननंतर पोचा. छताच्या लाकडी फासळ्या त्याच वेळी नीट दिसतात.

पेठकर

माझा प्रश्न तसाच राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीचं काय?

कातळकडा

ती पुस्तकातूनच. नाना फडणवीस पुण्यात कारभार पाहत होते तेव्हाच ती घडत होती. म्हणून शनिवारवाड्याच्या तिसऱ्या फेरीत १७८९ चा, म्हणजे ती क्रांती सुरू झाली त्या वर्षाचा, प्रश्न काढा: त्या वर्षी इथे कोणाची सत्ता होती आणि तिला कोण विचारू शकत होतं?