उभ्या उसाने हवेतला कार्बन खरंच कमी होतो का?

मोहोळकर:
परवा शेतकरी मेळाव्यात एक वक्ते म्हणाले, "उजनीच्या पाण्यावर एवढा ऊस उभा आहे, तोच सोलापूरचा धूर पिऊन टाकतो." टाळ्या पडल्या. मला हे अजिबात पटलं नाही. हवाई बेटांवरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तिथला आकडा दरवर्षी मे महिन्यात सर्वांत वर असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाला येतो. फरक दहा लाखांत सहा-सात भागांचा. उत्तर गोलार्धात जमीन जास्त, तिथली जंगलं-पिकं वाढताना वायू ओढतात. पाला कुजला की तो परत हवेत. पण वर्षागणिक तो तळच वर सरकतोय. १९५८ ला दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास असलेला आकडा आता ४२० च्या पुढे गेलाय, मुख्यतः कोळसा आणि तेल जाळून. आपला ऊस तर वर्ष-दीड वर्षात तुटतो. साखर पोटात, बगॅस म्हणजे उसाचा चोथा कारखान्याच्या बॉयलरमध्ये, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला फडातच पेटवलं जातं. राहिलं काय?

पंढरपूरचा बागायतदार:
मालक, हिशेब अर्धाच मांडलात. माणूस सोडतो त्यातला साधारण निम्माच वायू हवेत राहतो. बाकीचा समुद्र, झाडं आणि माती घेतात. म्हणजे सगळंच परत जात नाही. शिवाय उत्तरेकडे हा हंगामी चढउतार गेल्या काही दशकांत वाढलाय आणि शेतीचं वाढलेलं उत्पादन हे त्यामागचं एक कारण धरतात. बगॅसवर वीज होते, तेवढा कोळसा वाचतो. तेही धरा की!

मोहोळकर:
बगॅसचं मान्य. पण चढउतार वाढला म्हणून साठा वाढला असं होत नाही. पिकाने जास्त ओढलं, जास्तच सोडलं. टिकतं ते लाकडात आणि मातीत.

नान्नजची माळढोक:
मग मातीचंच बोला ना दोघं! आपली रब्बी ज्वारी परतीच्या पावसावर पेरतात, युरोपातली झाडं निष्पर्ण असतात तेव्हा ती इथे हिरवीगार असते. मौना लोआच्या आलेखावरून सोलापूरची शेती जोखताच येणार नाही. आणि ज्या माळरानाला सगळे पडीक म्हणतात, तिथल्या गवताचा बराचसा कार्बन जमिनीखाली मुळांत असतो. नांगर घातला की तो मोकळा होतो. हे कोणत्याच मेळाव्यात कुणी सांगत नाही, याचा मला राग येतो. माळ राखा आणि पाचट पेटवू नका, कुजवा.

पंढरपूरचा बागायतदार:
ताई, खोडव्यात, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, मी पाचट ठेवतो. पाणी वाचतं, जमीन भुसभुशीत राहते. पण तोडणीला टोळी मिळत नाही, आलेली टोळी फड पेटवल्याशिवाय कोयता लावत नाही. जळक्या उसाच्या पैशात होणारी कपातही आमच्याच माथी. कार्बनचा हिशेब मांडताना तोडणीचा आणि पाचटाच्या कुट्टीचा खर्च कोण देणार, तेही लिहा.