मदत हवी आहे: व्हॅम्पायरची प्रेमकथा, पण साच्यातली नको

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, राजारामपुरीत राहते. नुकतीच एक नवी इंग्रजी व्हॅम्पायर प्रेमकादंबरी संपवली आणि मनापासून वाईट वाटलं. शेकडो वर्षं जगलेला देखणा, श्रीमंत, अबोल नायक. कॉलेजातली एकटी मुलगी. मग तिच्यावरून त्याच्याशी भांडणारा दुसरा कुणीतरी. पुढच्या पानावर काय होणार ते आधीच कळत होतं. तो रात्री न विचारता तिच्या खोलीत येऊन उभा राहतो आणि कादंबरी त्याला प्रेम म्हणते, हे तर मला अजिबात पटलं नाही. शिवाय एवढी शतकं पाहिलेल्या माणसाला एकही आठवण नाही? एखादा दुष्काळ, प्लेगची साथ, डोळ्यांदेखत म्हातारी होऊन गेलेली माणसं?

या प्रकाराची सुरुवात अशी नव्हती हो. १८७२ च्या ‘कार्मिला’ या व्हॅम्पायरकथेत ओढ आणि भीती वेगळी काढताच येत नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त काउंट दिवसाही फिरतो, फक्त तेव्हा त्याची शक्ती मर्यादित असते. नारायण धारपांची ‘लुचाई’ ही मराठी व्हॅम्पायर कादंबरी वाचली आहे, आवडतेही, पण तिचा जीव भयकथेचा.

अमरत्वाचं ओझं दोघांनाही जाणवतं आणि मुलीला ठामपणे नाही म्हणता येतं, असं पुस्तक सुचवाल का? मराठी किंवा अनुवादित असेल तर फार बरं, अकरावीतल्या भाचीलाही वाचायला द्यायचं आहे. करवीर नगर वाचन मंदिरात मिळण्यासारखं असेल तर तेही सांगा.