‘ईव्हिल’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

दक्षिणकसबा: सोलापुरातल्या एका अभ्यासमंडळासाठी ख्रिस्ती पुस्तिका मराठीत आणतोय. विषय: देव प्रेमळ आणि सर्वशक्तिमान, मग जगात ‘ईव्हिल’ का? ‘दुष्टता’ खून-दरोड्याला चालतं, पण लगेच १ नोव्हेंबर १७५५चा लिस्बनचा भूकंप येतो. भूकंप दुष्ट कसा? इथल्या वाचकाला तर किल्लारीच आठवणार. तिथे सणाला चर्च भरलेली, इथे लोक गणपती बुडवून झोपलेले.

बाळीवेस: ‘भोग’ लिहा. “काय भोग आलेत” असंच म्हणतात सगळे.

होटगीरोड: ‘भोग’ म्हटलं की मागच्या कर्माचं फळ आलंच. प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर! ख्रिस्ती मांडणीत पूर्वजन्म नाही. बायबलात संकटं सोसणाऱ्या ईयोबाचे मित्र त्याला हेच ऐकवतात, तुझंच काही चुकलं असेल. शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने ‘ईव्हिल’चे केलेले तीन भाग घ्या: नैतिक (केलेलं), भौतिक (सोसलेलं), तात्त्विक (सृष्टीचं मूळचंच अपुरेपण). तिन्हींना मिळून ‘अनिष्ट’.

बाळीवेस: ‘अनिष्ट’ कोण बोलतंय बे? ‘अनिष्ट रूढी’ सोडली तर तो शब्द शाळेबाहेर पडलेलाच नाही.

हिप्परगा: आपलं तापत्रय (आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक असे दुःखाचे तीन प्रकार) असताना लायब्निझ कशाला? भूकंप आधिदैविक, म्हणजे दैवी शक्तींकडून आलेला, विषय संपला.

होटगीरोड: सांख्य दर्शनवाल्यांकडे संपला. दासबोधात (३.८) आधिदैविक म्हणजे मेल्यावरची यमयातना; किल्लारी थेट नरकात जाईल. शिवाय ‘ताप’ सोसणाऱ्याचाच. खुनात मेलेल्याचा ताप मोजाल, मारणाऱ्याचं काय?

हिप्परगा: बरं, मग वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांतलं २.१.३४ बघा. ‘वैषम्य’ आणि ‘नैर्घृण्य’, म्हणजे देव पक्षपाती आणि निर्दय, असे दोन आरोप तिथे खोडलेत. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात: पाऊस सगळीकडे तोच, भात उगवेल की जव ते बियाण्यावर.

होटगीरोड: आणि सृष्टीच्या आधी कर्म आलं कुठून, ही शंका पुढच्याच सूत्रात आहे. उत्तर काय, तर संसार अनादी. पुन्हा कर्मच! आणि हे आरोप देवावरचे आहेत, ‘ईव्हिल’चं नाव नव्हे.

दक्षिणकसबा: ‘अरिष्ट’ कसं वाटतं?

हिप्परगा: अ + रिष्ट, म्हणजे इजा न झालेलं. मूळ अर्थ शुभ. उलटा शब्द वापरू नका.

बाळीवेस: मूळ अर्थ धरून बसलात तर बोलायचं कशात? ‘अरिष्ट कोसळलं’ सगळ्यांना कळतं. आणि अशोकारिष्ट पिऊन कुणावर कोसळलंय?

हिप्परगा: तिथे, आयुर्वेदात, अर्थ वेगळा. काढा करून आंबवलं तर अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव.

बाळीवेस: मग द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट दोन्ही मिळतात, ते?

हिप्परगा: दोन वेगळ्या कृती आहेत. लेबल वाचत जा.