पनवेल–कर्जत लोकल आली की पुढचं नालासोपारा चौकला?

उल्हासकाठचा (धागाकर्ता)

पनवेल–कर्जत मार्गाचा एखादा फोटो आला की आमच्या बदलापूरच्या ग्रुपवर नुसत्या टाळ्या सुरू होतात. मला टाळी वाजवावीशी वाटत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमयूटीपी-३ (मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) मधला हा नवा दुहेरी मार्ग, साधारण ३० किमीचा. स्टेशनं पाच: पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत. वावर्ल्याचा २.६ किमीचा बोगदा खणून झालाय. कर्जत ते सीएसएमटी कल्याणमार्गे १०० किमी पडतं, पनवेलमार्गे ते ८० च्या आत येईल. इथपर्यंत सगळं छान.

पण लोकल आहे त्या माणसांना नुसती नेत नाही, नवी माणसं आणते. विरार लाइनीवर नालासोपाऱ्याला आणली, बदलापूरला आणली. आधी गाडी, तिच्या मागे लगोलग इमारती, आणि गटार-पाणी-रस्ता सवडीने. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला नौदलापर्यंत सगळे आले. त्यानंतर नदीकाठची बांधकामं थांबली का? एकही दिवस नाही.

आता तेच चौकला होणार. बोर्ड लागलेत, ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’. चालत की हेलिकॉप्टरने, ते लिहिलेलं नसतं.

माझं म्हणणं असं, आणि ते कडू लागणार हे गृहीत धरून लिहितो: गाडी पनवेल ते कर्जत खुशाल चालवा, पण चिखले, मोहोपे, चौक या स्टेशनांभोवतीच्या अर्ध्या-एक किमीचा आराखडा पक्का होईपर्यंत तिथे लोकल थांबवू नका. एकदा थांबा दिला की जमिनीचा भाव फुटतो आणि मग आराखड्याला कुत्रंही विचारत नाही.

चौकची लेक

वा दादा! तुमच्या बदलापूरला गाडी थांबते ना? मग आमच्याकडेच का नको?

चौकला स्टेशन आज आहेच, फक्त लोकल नाही. कॉलेजच्या मुली पनवेलला जायला जुन्या हायवेवर उभ्या राहतात. एसटी आली तर आली, नाहीतर सहा आसनीत दाटीवाटीने. संध्याकाळी सातनंतर तीही मिळत नाही. या मार्गासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्यात. आता त्यांच्या बांधावरून गाडी धडधडत जाणार आणि त्यांनी हात हलवायचा का?

आणि भाव फुटण्याची भीती कोणाला घालता? भाव केव्हाच फुटलाय. ज्यांनी विकलं त्यांनी २०१६ च्या मंजुरीनंतरच विकलं, घेणारे कोण ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता गाडी न थांबवून त्यांचं काही बिघडत नाही, ते दहा वर्षं थांबू शकतात. आमच्या पोरी नाही थांबू शकत.

रेल्वेवेडा

थांबा द्यायचा की नाही यावर भांडण्याआधी एक साधी गोष्ट बघा. पनवेलच्या पुढे गाडी जाणार कुठे?

हार्बरला दोनच रूळ आहेत. फास्ट लाइन नाहीच. पनवेल–सीएसएमटी आजच साधारण ८० मिनिटं, प्रत्येक स्टेशनाला सलाम ठोकत. किलोमीटर कमी झाले म्हणून वेळ त्याच प्रमाणात कमी होत नाही. कल्याणमार्गे निदान कल्याणनंतर फास्ट मिळते. सीएसएमटी–पनवेल जलद उन्नत मार्ग एके काळी एमयूटीपी ३-अ च्या प्रस्तावात होता, तो पुढे सरकला नाही.

म्हणजे सकाळच्या गर्दीत कर्जतहून सुटलेली प्रत्येक सीएसएमटी गाडी ही आज पनवेलहून रिकामी सुटणारी एक गाडी असेल. पनवेलकर चढेपर्यंत खिडकी, चौथी सीट, सगळं भरलेलं. मग पनवेलचा माणूस काय करेल? उलटा मोहोप्याला जाऊन बसून येईल. बदलापुरात हेच चालतं, धागाकर्त्याला विचारा.

तरी माझा या मार्गाला पाठिंबा आहे. खरा फायदा सीएसएमटीवाल्यांचा नाहीच. कर्जत-खोपोली पट्ट्यातला माणूस जो आज बेलापूर, वाशी, तुर्भ्याला कामाला जाताना कल्याण–ठाणे असा वळसा घालतो, त्याचा आहे. तो मुंबईत उतरणारच नाही. फक्त त्यासाठी पनवेलला हार्बर आणि ट्रान्सहार्बरची (ठाण्याकडे जाणाऱ्या लाइनीची) जोडणी वेळापत्रकात नीट बसवावी लागेल. उद्घाटनाच्या भाषणात हे कोणी बोलत नाही.

मुंब्रा वळण

मी दिव्याहून चढतो. चढतो म्हणजे लटकतो.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं एकमेकांना घासून रुळांवर पडली. ठाणे–दिवा पाचवी-सहावी लाइन फेब्रुवारी २०२२ लाच सुरू झाली होती. मग लटकणं का थांबलं नाही? कारण कुर्ल्याच्या पुढे सीएसएमटीपर्यंत त्या दोन लाइनी नाहीतच. ऐरोली–कळवा उन्नत जोडणीचं बघा: त्यातलं दिघा गाव स्टेशन जानेवारी २०२४ ला उघडलं, पण कळव्याकडची मुख्य जोडणी रुळांलगतच्या झोपड्यांच्या पुनर्वसनात अडकून पडली. ती झाली असती तर कल्याणकडून ऐरोली-घणसोलीला जाणारी गर्दी ठाण्याला उतरलीच नसती. ठाण्याचा तो पूल सकाळी साडेआठला एकदा बघून या.

जे अर्धवट आहे ते सोडून नवीन ३० किमी? आधी जिथे माणसं मरतात तिथे रूळ टाका. बस, एवढंच.

भाडेकरू

धाग्याचं शीर्षक वाचून डोकं फिरलं. आमच्या गावाचं नाव शिवीसारखं वापरायचं बंद करा.

मी नालासोपाऱ्यात राहते. जुलै २०१८ ला रूळ पाण्याखाली होते तेव्हाही राहत होते. तळमजल्यावरच्या लोकांचे गॅस सिलेंडर पाण्यात तरंगताना बघितलेत, तेव्हा पूर काय असतो ते मला शिकवू नका. पण हेही लिहा की अंधेरीच्या कंपन्यांत, रुग्णालयांत, घरकामाला जाणारी लाखो माणसं मुंबईत घर घेऊ शकली नसती. आम्हाला विरार लाइनने घर दिलं. वाईट दिलं, बेकायदा बिल्डिंगीत दिलं, पण दुसऱ्या कोणी देऊच केलं नाही. तुमचा ‘आराखडा पक्का होईपर्यंत’ म्हणजे आमच्यासारख्यांनी तोवर कुठे राहायचं, तेही आराखड्यात दाखवा.

गाडी न थांबवल्याने शहर पसरायचं थांबेल हे कोणी सांगितलं? एक्स्प्रेसवे शेजारून गेलाय. लोक येतीलच, फक्त बाइकवरून येतील आणि ज्यांच्याकडे गाडी आहे तेच येतील. मग चौकला सेकंड होमवाल्यांचे बंगले उठतील आणि त्यांच्याकडे काम करणारी बाई सहा आसनीतून येईल. त्याला पर्यावरणपूरक म्हणणार का?

उल्हासकाठचा

भाडेकरू, शीर्षक लोकांवर नाही, त्यांना तसं राहायला लावणाऱ्या व्यवस्थेवर आहे. तरी तुमचा राग मान्य.

पण तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा आहे. ‘दुसऱ्या कोणी देऊच केलं नाही.’ बरोबर. रेल्वेने रूळ दिले, बाकी सगळं बिल्डरवर सोडलं. वाढीव भाव त्याने खिशात घातला, पुराचं पाणी तुमच्या घरात आलं. चौकला हाच हिशेब पुन्हा मांडायचा असेल तर निदान या वेळी आधी बोलू द्या. थांबा हा सरकारच्या हातातला एकच हुकमी पत्ता आहे. तो आधीच टाकून दिला तर नंतर कशावर अडवणार?

नकाशावाला

नगररचनेत काम केलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

‘आधी गाडी की आधी आराखडा’ हे भांडण नवी मुंबईने एकदा निम्मंशिम्मं सोडवलं होतं. मानखुर्द–वाशी लाइन १९९२ ला आली, तेव्हा खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने) उचलला, रेल्वेने ३३. सिडकोला ते परवडलं, कारण आजूबाजूची जमीन तिची होती. लाइन आली, भूखंड महाग विकले गेले, त्यातून लाइनीचा पैसा निघाला. स्टेशनाच्या डोक्यावर ऑफिसं बांधली. नेरुळ–उरणलाही हेच ६७:३३ सूत्र आहे.

पनवेल–कर्जतला तसं होत नाही. खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा करतात, म्हणजे तुम्ही-आम्ही करतो. भाववाढीचा फायदा मात्र स्टेशनाजवळ ज्याचा सातबारा त्याला. मेट्रोच्या नावाने मुंबई-ठाण्यात घर घेताना १ टक्का अधिभार २०२२ पासून द्यावा लागतो. इथे ज्याची जमीन स्टेशनामुळे सोन्याची होते त्याच्याकडून स्टेशनासाठी काय घेतलं जातं ते मला कोणी दाखवावं.

थांबा रोखून यातलं काही मिळत नाही. चौकची लेक यांचं बरोबर आहे, थांबू शकणारा थांबतो. रोखायचंच तर स्टेशनाभोवतीच्या बांधकाम परवानग्या रोखा. शिवाय ३० किमीत नियोजन करणारे किती? पनवेल महापालिका, पुढे नैना (नव्या विमानतळाभोवतीचं सिडकोचं नियोजन क्षेत्र), पलीकडे कर्जत नगरपरिषद, मध्ये ग्रामपंचायती. स्टेशनाबाहेरचा रिक्षा स्टँड नक्की कोणी आखायचा, यावर या सगळ्यांच्या चार बैठका होतील आणि रिक्षावाले तोवर स्वतःच आखून मोकळे होतील.

नैनात नगररचना योजनेची पद्धत आहे: मालक जमीन एकत्र देतो, ४० टक्के विकसित भूखंड परत मिळतो, उरलेल्यात रस्ते, शाळा, मैदानं. मोहोपे आणि चौकच्या स्टेशनांभोवती याच पद्धतीने एक छोटी योजना केली तर पायी यायचा रस्ता, एसटीची जागा, परवडणाऱ्या घरांचा भूखंड, सगळं आधीच बाजूला काढता येतं.

सानपाडा सेक्टर

सिडकोची आरती ओवाळून झाली असेल तर प्रसाद आम्ही देतो.

वाशी-बेलापूरची स्टेशनं दिसायला भव्य, मान्य. पण जमीन विकूनच लाइन उभी करायची म्हटलं की जमीन महाग ठेवावीच लागते. मग स्टेशनाजवळ कोण राहतो? ज्याच्या घरी दोन गाड्या आहेत तो. लोकलने जाणारा लांबच्या गावठाणात भाड्याने राहतो आणि रिक्षाला पैसे मोजतो.

आणि ४० टक्के परत वगैरे सांभाळून बोला. इथल्या भूमिपुत्रांना घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळवायला काय करावं लागलं ते आठवा. १९८४ ला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात गोळ्या झेलल्या माणसांनी. कागदावर टक्के लिहिणं सोपं असतं.

उरणचंही बघा. खारकोपरपर्यंत २०१८ ला, पूर्ण लाइन जानेवारी २०२४ ला. वर्षानुवर्षं वाट पाहून गाडी आली ती सुरुवातीला जवळपास तासाला एक. तासाला एक गाडी असेल तर माणूस बाइक विकत नाही. चौकला दोन तासांनी एक गाडी थांबवणार असाल तर आराखडा कितीही सुंदर काढा, हायवेच भरणार.

रेल्वेवेडा

फेऱ्यांच्या मुद्द्याला १०० टक्के अनुमोदन. म्हणूनच म्हणतो, सगळ्या गाड्या सीएसएमटीला न्यायचा हट्ट सोडा. पनवेल–कर्जत शटल दर २० मिनिटांनी चालवायला हार्बरचा एकही स्लॉट लागत नाही. रूळ दोन, मधली स्टेशनं तीन, रेक थोडे. अडचण एकच: शटल म्हटलं की लोकांना फसवल्यासारखं वाटतं. ‘डायरेक्ट गाडी’ हा आपल्याकडे मानाचा प्रश्न आहे.

मुंब्रा वळण, तुमच्याशी वाद नाही. कुर्ला–सीएसएमटी आधी व्हायला हवी. पण तिथे अडलंय ते जागेपायी, इथले रूळ उखडून तिथे टाकता येत नाहीत.

मुंब्रा वळण

जागेपायी अडतं, माहीत आहे. पण चौकला जागा आज मिळते म्हणून आज टाकताय. वीस वर्षांनी तिथेही तिसरी-चौथी लाइन लागेल, तेव्हा रुळाला चिकटून बिल्डिंगी असतील आणि पुन्हा माझ्यासारखा कोणीतरी लटकत असेल. जादा लाइनींची पट्टी आत्ताच राखून ठेवली आहे का? हे विचारा आधी.

चौकची लेक

हा प्रश्न मात्र कामाचा विचारलात. आता आमचाही एक घ्या.

मोरबे धरण आमच्या उशाला. ते नवी मुंबई महापालिकेचं, पाणी जातं नवी मुंबईला. एप्रिल-मे मध्ये आमच्या वाड्यांत टँकर येतो. बोर्डांवर ‘२४ तास पाणी’ लिहिलेले टॉवर उभे राहिले तर ते पाणी कुठून आणणार? बोअर मारणार, दुसरं काय. मग विहिरी आटल्या की टँकरवाले तेच आणि बिल्डरही तेच. या धाग्यावर रूळ, टक्के, स्लॉट सगळं झालं, पाण्याचं एकानेही काढलं नाही.

नकाशावाला

ताई, हेच लेखी हवं. १ मे च्या ग्रामसभेत ठराव घ्या: स्टेशनापासून एक किमीत पाण्याचा स्रोत दाखवल्याशिवाय बांधकाम परवानगी नको, जादा रुळांची पट्टी राखीव ठेवा, एसटी आणि रिक्षाची जागा स्टेशनाला लागून. गट नंबरांसकट लिहा. नुसतं ‘नियोजन करा’ लिहिलंत तर फायलीत जातं. मसुदा हवा तर निरोप टाका.

उल्हासकाठचा

त्यात थांब्याचंही टाका. ‘वरील अटी पूर्ण होईपर्यंत थांबा देऊ नये.’ नाहीतर ठरावाला दात नाहीत.

चौकची लेक

मसुदा पाठवा नकाशावाले दादा, गट नंबर मी तलाठ्याकडून आणते. उल्हासकाठचे, तुमचं ते वाक्य मी ग्रामसभेत वाचलं तर ठराव राहील बाजूला, आधी मलाच घरी बसवतील.