मदत हवी आहे : प्रार्थनेला बसल्यावर शब्दच सुचत नाहीत

सर्वांना ख्रिस्तात सलाम. मी कोल्हापूरची, कसबा बावड्यात राहते. आईला अर्धांगवायू झाल्यापासून सगळं घर तिच्याभोवती फिरतंय. मिस्टर शिरोली एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे रविवारची उपासनाही बऱ्याचदा चुकते.

देवावरचा भरवसा उडालेला नाही, हे आधीच सांगते. पण रात्री आईची कूस बदलून, पाठीला पावडर लावून प्रार्थनेला बसले की "हे प्रभू" एवढंच तोंडून निघतं. पुढे काही नाही. म्हणून हल्ली बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडते. 13वं स्तोत्र फार जवळचं वाटतं. अवघी 6 वचनं; सुरुवात "कोठवर?" अशा तक्रारीने, शेवट परमेश्वराच्या स्तवनाने. 88वं तर अंधारातच संपतं, तरी तेही पवित्र शास्त्रात आहे, याचा मला मोठा आधार वाटतो. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या 8व्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी देवाजवळ मध्यस्थी करतो. पटतं, पण मनात उतरायला वेळ लागतोय.

घरातलं लांबलेलं आजारपण ज्यांनी काढलंय त्यांनी सांगा, रोजची प्रार्थना कशी टिकवलीत? नुसतं स्तोत्र वाचून झोपलं तर चालतं ना? आईला बोलता येत नाही, पण गीत लावलं की ओठ हलतात. तिला सोबत घेऊन छोटी उपासना कशी ठेवावी?

आणि बावडा, लाईन बाजार भागात घरी येऊन प्रार्थना करणाऱ्या भगिनी असतील तर कृपया कळवा. दुपारी तीननंतर कधीही या.